मर्ल गिलफिलनचा डावा हात

जगाच्या पार दक्षिण टोकाला, ब्लफच्या बंदरात कालवं फोडणाऱ्या बारा बायकांची रांग होती आणि त्या रांगेत सगळ्यात टोकाचा, भिंतीलगतचा खण मर्ल गिलफिलनचा होता. मानाचा म्हणून तो तिला मिळाला नव्हता. तिच्या कोपराच्या भीतीने मिळाला होता. बाकीच्या अकराजणी सुरी उजव्या हातात धरायच्या, मर्ल डाव्या. तिला मध्ये कुठेही उभी केली की तिचं कोपर शेजारणीच्या कोपरावर आदळायचं, आणि कालवाची सुरी म्हणजे काही पावाला लोणी लावायची सुरी नव्हे. सोळाव्या वर्षी ती शेडमध्ये कामाला आली तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारणीच्या मनगटाला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी मर्लचे वडील हातोडा घेऊन आले आणि भिंतीजवळचा खण त्यांनी आरशात पाहावा तसा उलटा बांधून दिला. पोतं उजवीकडे, बादली डावीकडे. त्याला पन्नास वर्षं होत आली. खण तसाच होता आणि मर्लही.

बुटकी, रुंद बांध्याची बाई. रबरी एप्रन घोट्यापर्यंत यायचा. शिंपला उजव्या तळव्यात घ्यायचा, सुरीचं टोक फटीत घालायचं, मनगटाला एक हिसका द्यायचा. कालव बादलीत, शिंपला खालच्या घसरगुंडीत. हे सगळं ती रेडिओवरच्या घोड्यांच्या शर्यती ऐकत, शेजारणीशी भांडत आणि मधूनच कुणाच्या तरी लग्नाविषयी मत देत करायची. हाताकडे बघायची तिला कधी गरज पडली नाही.

नवरा बर्ट जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भाऊ अ‍ॅलेक मागच्याच हिवाळ्यात हृदयाच्या झटक्याने गेला, एकसष्टाव्या वर्षी. त्याचा मुलगा रॉस आता शेडचा मुकादम होता. जवळचं म्हणावं असं माणूस तेवढंच. आणि शेजारच्या खणातली रिपेका, जिच्याशी तिचं सत्तावीस वर्षं रोज भांडण व्हायचं.

एप्रिलमधल्या एका सकाळी दहाच्या चहाला रिपेका वर्तमानपत्र घेऊन बसली. ती नेहमी आधी निधनवार्ता वाचायची, मग हवामान, मग उरलंसुरलं जग. त्या दिवशी उरलंसुरलं जग वाचताना ती थांबली.

"मर्ल, तुझं वय काय गं?"

"तुझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त. आणि ते तुला चांगलं ठाऊक आहे."

"म्हणजे जूनमध्ये सहासष्ट."

"एकोणीस जूनला. केक आणणार आहेस वाटतं?"

"आणू की नको तेच बघतेय." रिपेकाने चष्मा वर सरकवला. "इथे लिहिलंय, डावखुरी माणसं उजव्यांपेक्षा नऊ वर्षं आधी मरतात. अमेरिकेत कुणी दोघांनी शोध लावलाय. हजारभर मेलेल्या माणसांच्या घरच्यांना पत्रं पाठवून विचारलं, तुमचं माणूस कुठल्या हाताचं होतं म्हणून. उजवे सरासरी पंचाहत्तरला गेले. डावे सहासष्टला."

 चहाच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका मर्लकडे बघू लागल्या, जणू ती आत्ताच्या आत्ता खुर्चीतून घरंगळणार होती.

मर्लने चीज रोलचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "बरं झालं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराला रंग द्यायचा घाट घातला होता. वाचला."

असा काही हशा उसळला की रॉस आपल्या काचेच्या खोलीतून डोकावून गेला.

मर्लने ही बातमी थट्टेवारीच नेली. घरी जाऊन ती वस्तू वाटायला काढू लागली तीही गमतीनेच. चिनी मातीचा चहाचा संच रिपेकाला. "तुझ्याकडे तरी फुटेल, माझ्याकडे नुसता धूळ खातोय." बर्टचे गमबूट चर्चच्या विक्रीला. पाद्र्याला रस्त्यात गाठून तिने आपल्या अंत्यविधीसाठी तीन स्तोत्रं सांगितली आणि बजावलं, "चौथं म्हणायचं नाही. लोक उभे राहून थकतात, मग चहाला गर्दी करतात." पाद्री बिचारा तिची तब्येत विचारत राहिला.

सगळ्या गावाला ही एक करमणूक झाली. पोस्टातली बाई तिला पाहून "अजून आहेस का?" म्हणायची आणि मर्ल "जूनपर्यंत पक्की" म्हणून पुढे जायची.

गंमत संपली ती रॉसमुळे. मेच्या पहिल्या सोमवारी मर्ल आपल्या खणाशी गेली तर पोतं नव्हतं. सुरीही नव्हती. रॉस तिच्या मागे येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, चांगला दांडगा गडी, पण आत्याशी बोलायचं असलं की टोपी हातात घेऊन तिची कड फिरवत राहायचा.

"आत्या, आजपासून तू डबे भरायला बस. तिकडे, हीटरजवळ."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच." टोपी फिरली. "त्या बातमीत लिहिलंय, डावखुऱ्यांना अपघात जास्त होतात. हत्यारं सगळी उजव्यांसाठी केलेली असतात म्हणून. आणि तुझ्या हातात दिवसभर सुरी."

"पन्नास वर्षं आहे हातात. कापलंय का कधी मी मला?"

"तुला नाही. पण पहिल्याच दिवशी—"

"ती रिटा होती आणि ती मध्येच वळली! अरे, तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?"

"आत्या, ऐक ना. बाबा गेले तेव्हा कुणाला वाटलं होतं? मला आता परत—" टोपी पुन्हा फिरली.

मर्लच्या ओठांवर उत्तर आलं होतं: तुझा बाप तर पक्का उजवा होता, तरी एकसष्टला गेला. पण तिने त्याच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि ते उत्तर गिळलं. गुपचूप जाऊन हीटरजवळ बसली.

डबे भरणं म्हणजे डझनभर कालवं मोजून प्लास्टिकच्या डब्यात घालायची, वर पाणी, वर झाकण. कुणीही करेल. मर्लने तीन दिवस केलं आणि चौथ्या दिवशी तिचा डावा खांदा दुखायला लागला, काहीच न केल्याने. समोर तिच्या खणात एक नवी मुलगी उभी होती आणि उलट्या खणात उजव्या हाताने काम करताना पार गोंधळून जात होती. तिच्या सुरीचा प्रत्येक खरखराट मर्लला दातांत जाणवत होता.

"बघवत नाही मला," ती रिपेकाला म्हणाली.

"मग बघू नकोस."

"तो माझं ऐकत नाही. पेपरात छापून आलंय म्हणतो."

"पेपरात काय, गेल्या वर्षी सोमवारी ऊन पडणार असंही छापून आलं होतं." रिपेकाने हातातला शिंपला फेकला. "तू असं कर. दर शुक्रवारी टेकडीवर म्हाताऱ्यांना कालवं द्यायला जातेसच. तिथे त्रेचाळीस म्हातारे आहेत. त्यांतले डावखुरे मोज. एखादा नव्वदीचा डावखुरा धरून आण आणि रॉससमोर उभा कर. मिटलं."

मर्लला हे पटलं. शुक्रवारी ती बादली घेऊन टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गेली. बैठकीच्या खोलीत सगळे जेवणाची वाट बघत बसले होते. मर्लने बादली खाली ठेवली, टाळी वाजवली आणि मोठ्याने विचारलं, "तुमच्यात डावखुरं कोण कोण आहे? हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही.

"कुठलाही हात करा!" ती ओरडली. कारण निम्म्यांना ऐकू कमी यायचं. मेट्रनने सुद्धा खुर्च्याखुर्च्यांपाशी जाऊन विचारलं. नाही. हा उजवा, ती उजवी, तो उजवा. अंथरुणाला खिळलेल्या चौघांना त्यांच्या खोलीत जाऊन विचारून झालं. त्रेचाळीस माणसं, आणि डावखुरं एकही नाही.

मर्ल घरी परतली तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता आणि टेकडीच्या उतारावर तिला तो पाठीत ढकलत होता. घरी येऊन तिने सलगम उकडायला ठेवलं आणि विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा ती खुर्चीत बसून आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. शहाण्यासुरत्या माणसांनी हजार घरांत विचारलं होतं, ते सोडा. तिने स्वतः मोजलं होतं. मोजण्यात ती कधी चुकत नसे. डझनावर डझन, पन्नास वर्षं. गेले सगळे डावे, असं तिच्या मनात आलं. सहासष्टच्या आतच गेले. आता थट्टेतलं काहीच तिला आठवेना. पाद्र्याला सांगितलेली तीन स्तोत्रं मात्र आठवली, आणि त्यांतलं मधलं फार रडकं आहे असं वाटलं.

पुढच्या बुधवारी शेडला सुट्टी होती. बोटी वादळामुळे बाहेरच पडल्या नव्हत्या. घरात बसवेना म्हणून ती परत टेकडीवर गेली. बुधवार म्हणजे वृद्धाश्रमात गालिच्यावरच्या बोलिंगचा दिवस. लांब हिरवा गालिचा अंथरलेला, एका टोकाला पांढरा छोटा गोळा, आणि म्हातारे एकेक करून आपला काळा गोळा त्याच्या जवळात जवळ जाईल असा सोडायचे. या खेळात इथे जेवढी बाचाबाची होत असे तेवढी रग्बीतही होत नसेल.

हेक्टर मॅकरे पुढे आले. चौऱ्याऐंशीचे, एके काळी बोटीवरचे गडी, बोलताना थोडे अडखळायचे. त्यांनी एक गुडघा वाकवला, गोळा हातात तोलला आणि सोडला. गोळा वळण घेत गेला आणि पांढऱ्याला अलगद टेकून थांबला.

मर्ल उभीच राहिली. "हेक्टरकाका! तुम्ही डाव्या हाताने टाकलात!"

"मग? बो... बोलिंग आहे ते."

"परवा मी विचारलं तर तुम्ही उजवा म्हणालात."

"उजवाच आहे मी. उ... उजव्याने लिहितो." म्हातारा दुखावल्यासारखा झाला. "शाळेतच सुटली ना ती सवय. ओगिल्व्हीबाईंनी सोडवली."

मर्ल गालिच्याच्या कडेला खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून बघू लागली. पुढची बेला पॅटर्सन, शहाऐंशीची. गोळा उजव्या हाताने टाकला, पण मग चहात साखर घातली आणि चमचा डाव्याने ढवळला. तिकडे पत्ते चालले होते, तिथे एका म्हाताऱ्याने डाव्या हाताने पत्ते वाटले. मर्लने मेट्रनकडून सहा संत्री मागून घेतली आणि "हे घ्या" म्हणत एकेकाकडे अचानक फेकायला सुरुवात केली. बहुतेकांनी उजव्याने झेलली, काहींनी छातीवर, एकाने कपाळावर. पण काहींचा डावा हात आपोआप पुढे झाला, आणि संत्रं पकडल्यावर ते स्वतःच त्या हाताकडे नवलाने बघत राहिले.

संध्याकाळच्या चहापर्यंत पाचजण झाले. पाचही जण मी उजवाच म्हणून शपथेवर सांगत होते. आणि पाचही जणांनी नाव एकच घेतलं.

ओगिल्व्हीबाई अकरा नंबरच्या खोलीत राहायच्या. वय अठ्ठ्याण्णव. दर शुक्रवारी मर्ल सगळ्या खोल्यांत डोकवायची, पण अकरा नंबरमध्ये बशी ती मेट्रनच्या हाती पाठवायची. सहा वर्षांची असताना या बाईंनी तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर पट्टीची कड मारली होती, सलग पंधरा दिवस. मग मर्ल धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडली, उजवा हात मोडला, प्लास्टर घातलं, आणि बाईंचा नाइलाज झाला. साठ वर्षांत तिने बाईंना रस्त्यात ओळख दिली नव्हती.

आज तिने दार ठोठावलं.

"ये, मर्ल," आतून आवाज आला. "तुझ्या बुटांचा आवाज मला कळतो. दर शुक्रवारी दारापर्यंत येतो आणि परत जातो."

बाई खिडकीशी ताठ बसल्या होत्या. अंगाने काडी, पण मान अजून पट्टीसारखी सरळ. मर्लला एकदम आपली नखं स्वच्छ आहेत का ते बघावंसं वाटलं.

"बाई, एक विचारायचं होतं. तुम्ही डावखुऱ्या मुलांना—"

"एकतीस," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांत एकतीस मुलं वळवली मी. हेक्टर मॅकरे, बेला पॅटर्सन, विल्फ्रेड टुल्लो, सात नंबरमधली नेसी, आणि कॉनर. या घरातली एवढीच. बाकीची गेली किंवा उत्तरेला गेली. निरीक्षक दर वर्षी यायचा. डाव्या हाताने लिहिणारं मूल दिसलं की माझ्या नावापुढे शेरा पडायचा. त्या काळी सगळ्या शाळांतून हेच चालायचं."

"मग पेपरात आलंय ते?"

"वाचून दाखव. बारीक अक्षर मला आता दिसत नाही."

मर्लने पर्समधून घडी घातलेलं कात्रण काढलं आणि वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या हसल्या. मर्लने त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"निधनवार्ता वाचतेस ना?"

"रिपेका वाचते. मोठ्याने."

"एथेल नावाच्या बायका किती वर्षांच्या होऊन जातात?"

"एथेल?" मर्लने आठवून पाहिलं. "ऐंशीच्या पुढेच. परवाची तर ब्याण्णवची होती."

"आणि कायली?"

"कायली कुठली बाई मरायला! त्या सगळ्या अजून पोरी आहेत. आलीच एखादी पेपरात, तर ती विशी-पंचविशीचीच असणार, बिचारी."

"मग मुलीचं नाव एथेल ठेवलं की ती साठ वर्षं जास्त जगते, हो ना?"

मर्ल हसली. "काहीतरीच काय, बाई! आता एथेल नाव ठेवतंय कोण? आणि म्हातारी कायली आहेच कुठे अजून? म्हणून—" आणि ती तिथेच थांबली. तोंड उघडंच.

"बोल," बाई म्हणाल्या. शाळेत म्हणायच्या तश्शाच.

"म्हणजे... म्हातारे डावखुरे मेले नाहीत. ते उजव्यांत जाऊन बसलेत."

"मी बसवलेत."

"आणि आता मरतात तेव्हा घरचे सांगतात, उजवा होता. उजव्यांत ऐंशीचे, नव्वदीचे सगळे आले. आणि डावखुरे म्हणून मोजायला उरले ते शाळांनी मारणं सोडल्यानंतरचे. तरणेच जास्त. त्यांच्यातलं मेलेलं माणूस तरणंच निघणार!"

"दहापैकी दहा," बाई म्हणाल्या. "गणितात तू तशी बरी होतीस."

मर्लला इतकं हलकं वाटलं की ती परवानगी न विचारता पलंगावरच बसली. बाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"हेक्टर अडखळायला लागला तो त्याच वर्षी," त्या म्हणाल्या. "त्याच्यामुळेच की काय, मला माहीत नाही. पण आधी नव्हता अडखळत. वाघासारखा कविता म्हणायचा." मग तिच्याकडे वळून, "तुझं प्लास्टर सोमवारी निघालं होतं. पट्टी माझ्या हातात होती. आणि तू डाव्या हाताने पानभर शुद्धलेखन लिहून आणलंस, एक डाग नाही. वर्गात तसं कुणाचंच नव्हतं. मी पट्टी खणात टाकली. निरीक्षकाचा शेरा पडला त्या वर्षी. पडू दे म्हटलं."

मर्लला वाटत होतं की बाई तिला विसरल्या. साठ वर्षं ती त्या समजुतीवर रागावून होती. 

"बाई, शुक्रवारी कालवं मी स्वतः आणून देईन," ती म्हणाली.

"लिंबू जास्त घाल. मेट्रन कंजूष आहे."

रॉसला हे सगळं सांगून उपयोग नव्हता. मर्लने प्रयत्न केला. एथेल आणि कायलीपर्यंत आली तेव्हा त्याला वाटलं आत्याच्या डोक्यावर परिणाम झाला. "आत्या, आपल्यात कायली कोण आहे?" तो काळजीने म्हणाला. तेव्हा तिने रिपेकाचा आधीचाच सल्ला उचलला, जरा वाढवून.

एकोणीस जूनला सकाळी साडेदहाला शेडच्या दारात वृद्धाश्रमाची व्हॅन येऊन थांबली. मेट्रनने एकेकाला उतरवलं. हेक्टर, बेला, विल्फ्रेड, नेसी, कॉनर. मागून चाकाच्या खुर्चीत घोंगडी पांघरून ओगिल्व्हीबाई. काम थांबलं. रॉस धावत बाहेर आला आणि बाईंना बघून त्याने टोपी काढली; त्यांनी त्याच्या बापालाही शिकवलं होतं.

"हे काय आहे, आत्या?"

"माझा वाढदिवस आहे. पाहुणे बोलावलेत." मर्लने कोपऱ्यातल्या उलट्या खणासमोर पोतं ओढलं. "हेक्टरकाका, या. ब्लफमध्ये जन्म घालवलात. कालव फोडता येतं ना?"

"ये... येतं का म्हणे!" म्हातारा चिडून पुढे आला. त्याने सुरी उचलली. डाव्या हातात. शिंपला उजव्यात. एक हिसका, आणि कालव बादलीत. मग त्याने आणखी एक फोडलं आणि सरळ तोंडात टाकलं. सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या.

मग नेसीने फोडलं, मग विल्फ्रेडने. बेलाला सुरी जमेना तर तिने डाव्या हाताने एक चीज रोल उचलून खाल्ला आणि तेही मोजा म्हणाली. कॉनर आधी उजव्या हाताने झगडला, तीनदा घसरला, ओगिल्व्हीबाई खुर्चीतून कडक आवाजात म्हणाल्या, "कॉनर, हात बदल." सत्त्याहत्तर वर्षांच्या कॉनरने घाबरून हात बदलला, आणि कालव पहिल्या झटक्यात उघडलं.

"रॉस," मर्ल म्हणाली, "हे पाच डावखुरे. शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी, सत्त्याहत्तर. किती झाले?"

"चारशे आठ," ओगिल्व्हीबाई म्हणाल्या, रॉसने बोटांवर मोजायच्या आत.

"आणि यांतला एकही त्या अमेरिकेतल्या हिशोबात डावखुरा म्हणून धरला गेला नसता. कळलं का आता?"

रॉसला कितपत कळलं, देव जाणे. पण समोर चौऱ्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा डाव्या हाताने फटाफट कालवं फोडून खात होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. रॉसने टोपी दोनदा फिरवली, मग काचेच्या खोलीत गेला आणि मर्लची सुरी घेऊन आला. ती त्याने टेबलाच्या खणात कापडात गुंडाळून ठेवली होती. धार लावून.

"मला फक्त..." तो म्हणाला.

"माहितेय मला रे," मर्ल म्हणाली. "तुझा बापही असाच होता. सांगायचं एक आणि करायचं भलतंच." तिने त्याच्या गालावर थोपटलं, आणि ओल्या हाताचा समुद्राचा वास त्याच्या गालाला लागला.

रिपेकाने केक आणला होता. चहाचा संचही परत आणला. "नको मला," ती म्हणाली. "तू अजून वीस वर्षं जगणार असशील तर मी कशाला त्याची धूळ पुसू?"

पुढे दोन-तीन वर्षांतच बंदरासमोरच्या सामुद्रधुनीतल्या कालवांना रोग पडला आणि बोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. शेड बंद झाली. कुणी मासळीच्या कारखान्यात गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. मर्ल टेकडीवर बोलिंगची व्यवस्था बघायला लागली आणि तिच्या कारकिर्दीत तिथली भांडणं दुप्पट झाली. ओगिल्व्हीबाई शंभराव्या वर्षी, दुपारच्या झोपेत गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला हेक्टरकाकांनी उभं राहून एक कविता म्हटली. दोन ठिकाणी अडखळले, पण शेवटपर्यंत म्हटली.

मर्ल स्वतः अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली. पण सांगण्यासारखा दिवस त्याच्या बराच आधीचा. रोग ओसरला, सरकारने बंदी उठवली, आणि मार्चच्या पहिल्या तारखेला पहिली बोट पोती घेऊन धक्क्याला लागली. रॉसने जुन्या बायकांना निरोप धाडले. बारांपैकी सहा आल्या. मर्ल एकाहत्तरची होती. गुडघा धरायचा, म्हणून रॉसने तिच्या खणाखाली रबराची जाड चटई घातली होती. ती चटईवर पाय रोवून उभी राहिली.

पहिलं डझन फोडायला तिला इतका वेळ लागला की रिपेकाने मान वाकडी करून पाहिलं.

"हळू झालीस गं."

"कालवंच रुसलीत. तीन वर्षं कुणी विचारलं नाही त्यांना."

दुसरं डझन बरं गेलं. तिसऱ्याला मनगट आपोआप फिरायला लागलं. रेडिओवर रिव्हरटनच्या शर्यती लागल्या. मर्लने एक मोठं, फुगीर कालव उघडलं, ते बादलीत न टाकता शिंपल्यासकट रिपेकापुढे धरलं. रिपेकाने ते मान मागे टाकून गिळलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

"कसंय?"

"खारट," रिपेका म्हणाली. "अगदी हवं तसं."

मर्लने खाली हात घातला. पोत्यात दोनच शिंपले उरले होते. ती काचेच्या खोलीकडे वळून ओरडली, "रॉस! पोतं संपलं! झोपलास की काय?"